यंदा डीएपीची वाट पाहत बसू नका

मृग जवळ आला की इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत एकच फोन येतो. घर रामबागेत, शेत सांवेरला नाहीतर देपालपूरला, आणि बटाईदार सांगत असतो की सोसायटीत डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट, नत्र आणि स्फुरद देणारं खत) संपलंय, पुढची रॅक, म्हणजे खताची मालगाडी, कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नाही. पेरणी तोंडावर आल्यावर याचं उत्तर शोधण्यात अर्थ नाही. ते मे महिन्यातच ठरवून ठेवा, कारण टंचाईचं मूळ सोसायटीत नाही, समुद्रापलीकडे आहे.

डीएपीला स्फुरद लागतं, त्याचा खडक मोरोक्को, जॉर्डनहून येतो. त्यातल्या नत्रासाठी अमोनिया लागतो, तो नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपल्या आयात वायूचा मोठा वाटा कतारचा. तयार डीएपीही सौदी अरेबिया, मोरोक्को, रशियाकडून घ्यावं लागतं. आखातातला माल होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या वाटेनं निघतो. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. गुजरातच्या कांडला-मुंद्रा बंदरांत जहाज उशिरा लागलं की इंदूरची रॅकही लांबते. पाऊस मात्र कुणासाठी थांबत नाही.

2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा केंद्रानं डीएपीच्या गोणीमागचं अनुदान 1650 रुपयांवरून 2501 रुपयांवर नेलं, म्हणून आपल्याला गोणी 1350 लाच मिळाली. ज्या देशांच्या तिजोरीला हे झेपलं नाही तिथल्या शेतकऱ्यानं सरळ खत कमी टाकलं. आपल्याकडे झळ भावात कमी आणि रांगेत जास्त लागते: विक्रीचा भाव बांधलेला, बाहेरचा चढलेला, मग आयात करणारा माल आणायला बिचकतो.

आता सोयाबीनचं बघू. शिफारस हेक्टरी 25 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश, 20 गंधक अशी आहे. डीएपीत गंधक नसतं. सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे आपलं सुपर, त्यात ते आयतंच येतं आणि तेलबियांना ते हवंच असतं. म्हणजे सोयाबीनला सुपर ही नाइलाजाची निवड नाही, माझ्या मते पहिलीच निवड आहे. आपल्याकडे चार बिघ्यांचा साधारण एक हेक्टर धरतात. त्या हिशेबानं बिघ्याला सुपरच्या दोन गोण्या आणि 14 किलो युरिया. डीएपी वापरलंत तर बिघ्याला 31 किलो आणि वर गंधक वेगळं. काळ्या जमिनीत पालाश बहुधा बऱ्यापैकी असतं, आणि पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरूनच येतं, तेव्हा माती परीक्षण केल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

एक खबरदारी. युरिया आणि सुपर एकत्र करून रात्रभर ठेवलं तर सकाळी चिखल होतो. टाकायच्या वेळीच मिसळा, नाहीतर सुपर शेवटच्या वखरणीआधी शेतभर फेकून घ्या. दोन गोण्यांचं वजन उचलायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. डीएपीची सवय त्यामुळेच लागलीय.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या अगदी आधी सावलीत रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी किलोला 5 ग्रॅम. रायझोबियमची पाकिटं स्वस्त असतात आणि ती कुठल्या सामुद्रधुनीतून येत नाहीत. मुळांवर गाठी नीट धरल्या की उभ्या सोयाबीनला युरिया देण्याची गरज राहत नाही. दिलात तर झाड माजतं आणि शेंगा कमी लागतात. शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका.

टंचाईत बनावट डीएपी फिरतं. चार दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखे चुन्यात मळा: नाक झोंबेल असा उग्र वास आला पाहिजे. तव्यावर तापवले तर खरे दाणे फुगतात, सुपरचे फुगत नाहीत. पावती घ्या, आणि दुकानातल्या खतविक्रीच्या पॉस मशीनवर अंगठा देताना नावावर किती गोण्या चढल्या ते वाचा.

युद्धाची बातमी ऐकून गहू दाबून ठेवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. 2022 मध्ये मंडीत गहू क्विंटलच्या 2015 रुपये हमीभावाच्याही वर गेला, आणि 13 मे रोजी निर्यातबंदी आली. भाव लगेच उतरला. हिवाळ्यापर्यंत थांबू शकले त्यांचं भलं झालं, पण बियाणं-मजुरीसाठी जूनमध्ये विकावं लागणाऱ्याला त्याचा काय उपयोग? खरिपाचा खर्च निघेल एवढा गहू आत्ताच विका.

जी एखाद-दोन गोणी डीएपी हाती लागेल ती ऑक्टोबरच्या बटाटा-लसणासाठी ठेवा. तेव्हा गहू, हरभरा, बटाटा सगळ्यांचीच मागणी एकदम येते. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, तोंड घट्ट बांधून. उघडी राहिली तर पावसाळ्यात गोणीचा दगड होतो.