जांभ्या मातीतला भोपळा: पाणी कधी, किती आणि कुठे

घाटावरच्या काळ्या मातीसाठी लिहिलेले सल्ले वाचून गोव्यात भोपळा लावू नका. काळी माती पाणी धरून ठेवते. आपली जांभी माती वरून भिजलेली दिसते, पण वीतभर खाली उकरून बघा, कोरडी ठणठणीत. शिवाय ती आम्ल. भोपळ्याला साधारण ६ ते ६.८ सामू (मातीची आम्लता मोजणारा आकडा, पीएच) मानवतो आणि आपल्या परसात तो बहुधा त्याच्या खालीच असतो. माती एकदा तपासून घ्या, म्हणजे अंदाजाचा खेळ थांबेल.

इथे सांगतो आहे ते दिवाळीच्या आसपासच्या लागवडीबद्दल. पावसाळी भोपळ्याचे काम उलटे असते: मातीचा ढीग घालायचा, बी त्याच्या माथ्यावर लावायचे आणि पाणी बाजूने वाहून जाऊ द्यायचे. पावसात आळे करणारा माणूस वेल कुजवण्याची सोयच करत असतो.

खड्डा दोन फूट रुंद, दीड फूट खोल. दोन खड्ड्यांत सहा-सात फुटांचे अंतर. दगड वेचून काढा. माती आम्ल निघाली तर खड्ड्याच्या मातीत मूठभर शिंपल्यांचा चुना मिसळा, पाणी मारा आणि दोन-तीन आठवडे थांबा. चुलीची राख वर्षभर परसात पडत असेल तर चुना वगळलात तरी चालेल. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका. खतातले नत्र अमोनिया होऊन उडते, नाकालाच कळते.

तळाशी नारळाच्या सोडणांचा (बाहेरच्या तंतुमय सालींचा) एक थर लावा, पोकळ बाजू वर करून. खाली निसटणारे पाणी त्यात अडते. मग दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत, मूठभर हाडांचा चुरा आणि वरची माती. चुरा शेणखतात कालवूनच घाला. जांभ्यातले लोह आणि ॲल्युमिनियम चुऱ्यातले स्फुरद (फॉस्फरस) पकडून ठेवतात, त्यामुळे वर भुरभुरलेला चुरा वेलाच्या फारसा कामाला येत नाही.

चार बिया लावा, जोमाची दोन रोपे ठेवा.

आता पाणी. बहुतेकांचा भोपळा इथेच फसतो आणि मलाही या टप्प्याने पुष्कळ छळले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी शिंपडायचा सल्ला जिथे दिसेल तिथे दुर्लक्ष करा. त्याने फक्त वरची दोन बोटे भिजतात, मुळे तिथेच घोटाळतात आणि जानेवारीतल्या उन्हाला वेल टिकत नाही. रोप लहान असताना एक दिवसाआड दोन-तीन लिटर पुरे. वेल पसरली की तीन-चार दिवसांतून एकदा, पण एका वेळी पंधरा-वीस लिटर, तेही सावकाश. कळशी भसकन ओतली की पाणी खतासकट बाजूला पळते. थोडे ओता, मुरू द्या, पुन्हा ओता.

हा अंदाज झाला. खरा निवाडा बोटाने करायचा. आळ्यात दोन पेरे बोट घाला. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, मग पाने कशीही दिसोत. भोपळ्याची मोठी पाने भर दुपारी माना टाकतातच, माती ओली असली तरी. मुळे ज्या वेगाने पाणी वर देतात त्यापेक्षा ऊन ते जास्त वेगाने ओढते, इतकेच. ते बघून धावत जाऊन नळी सोडू नका. सूर्य कलल्यावर पाने उठली तर वेल ठीक आहे. सकाळीही ती लोळलेली असतील तर बोट घालून बघा: माती कोरडी असेल तर पाणी द्या, ओली असेल तर मुळाशी कूज किंवा बुडाशी किडा शोधा. कुजत असलेल्या वेलीला तहानलेली समजून लोक आणखी पाणी पाजतात.

पाणी खोडाला टेकू देऊ नका. बुडाशी मातीची भर द्या आणि खोडापासून हातभर अंतरावर गोल चर काढून त्यात पाणी सोडा. वेळ सकाळची. पाने भिजवू नका, विशेषतः फुले उमलली असताना. ओले पराग वाया जातात. आळ्यावर झावळ्यांचे तुकडे किंवा सुका पालापाचोळा चार बोटे पसरा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून. वेलीच्या पेराला जिथे मुळ्या फुटतात तिथे ओंजळभर माती टाका, तिथूनही ती पाणी घेते.

पहिली फुले गळली म्हणून खतपाणी वाढवणारे बरेच भेटतात. ती नर फुले असतात, गळणारच. जास्त नत्र आणि जास्त पाणी मिळाले की वेल नुसती पालाभाजी होते. मात्र फळ लिंबाएवढे झाल्यापासून पाण्यात खंड नको. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भिजवले की फळ तडकते. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या खाऱ्या, बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या) विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. चाखून बघा आणि खारट लागले तर भोपळ्याला घालू नका.

देठ सुकून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेना, की पाणी तोडा. आठ-दहा दिवसांनी दोन इंच देठ ठेवून कापा आणि भोपळा कधीही देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की कूज तिथूनच शिरते.