ग्राहकाला मेल पोहोचत नाही? ऑनलाइन विक्रेत्यांनो, या चुका टाळा

ऑर्डर आली, पैसे जमा झाले, पावतीचा मेल गेला, यादीत त्याच्यापुढे ‘सेंट’ असंही दिसतंय. आणि दोन दिवसांनी ग्राहकाचा संतापलेला निरोप येतो: पावती नाही, पार्सल कुठे आहे ते कळत नाही, तुम्ही फसवताय का? विक्रेता प्रामाणिक, माल वेळेवर निघालेला, तरी संशय त्याच्यावरच. पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याच्या हातात तुमच्या खरेपणाचा पुरावा म्हणून बहुतेक वेळा तो एक मेलच असतो. म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नका.

अशा वेळी बरेच जण मेलच्या मजकुराच्या मागे लागतात. ‘फ्री’ शब्द काढून टाका, उद्गारचिन्हं कमी करा, विषय बदला. त्याने फारसा फरक पडत नाही. आजचे फिल्टर आधी पाहतात की पाठवणारा खरंच तोच आहे का, आणि त्याच्या आधीच्या मेलचं लोकांनी काय केलं. मजकुराचा नंबर बराच नंतर लागतो. दुरुस्तीही त्याच क्रमाने करा.

मेल कुठे अडला हे न पाहताच उपाय सुरू करणं

‘सेंट’ म्हणजे मेल तुमच्या सर्व्हरमधून बाहेर पडला, एवढंच. पुढे तो परत फिरलेला असू शकतो, स्पॅममध्ये पडलेला असू शकतो किंवा वाटेत रखडलेला असू शकतो. परत फिरला असेल तर ‘बाउन्स’ (मेल पोहोचला नसल्याची सूचना) येतो, पण तो अनेकदा अशा पत्त्यावर जातो की जो कोणी उघडतच नाही. तो पत्ता शोधा आणि बाउन्स वाचा. त्यातला आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ असं सांगतात आणि नीट बसवलेला सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ठाम नकार. ५५० सोबत ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही. जीमेलकडून ५.७.२६ आला तर तुमची ओळख पटलेली नाही, आणि तिथे मजकूर बदलून काहीही उपयोग नाही.

बाउन्स नसेल तर स्वतःच तपासा. जीमेल, याहू, आउटलुक अशा दोन-तीन ठिकाणी खाती उघडा आणि दुकानात खरी ऑर्डर टाका. तुमच्या रोजच्या मेलबॉक्समधून चाचणीचा मेल पाठवून चालणार नाही, कारण तो वेगळ्या सर्व्हरवरून जातो आणि दुकानाचा मेल वेगळ्या. इथे खूप जणांची फसगत होते: चाचणी पास, ग्राहकाचा मेल मात्र गायब. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या तीन चाचण्यांच्या ओळी दिसतील; त्या काय आहेत ते पुढे येतं. तिन्हींपुढे ‘पास’ हवं.

फुकटच्या पत्त्यावरून दुकान चालवणं

दुकानाचं सॉफ्टवेअर कुठल्याशा होस्टिंगवर, आणि ‘फ्रॉम’मध्ये याहू किंवा जीमेलचा पत्ता. समोरच्या सर्व्हरच्या दृष्टीने हा सरळसरळ तोतया आहे, कारण याहूचं नाव लावलेला मेल याहूच्या सर्व्हरवरून आलेलाच नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या नावाने बाहेरून येणारे असे मेल नाकारा, असं धोरण जगभरच्या सर्व्हरसाठी जाहीर केलं. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं दुकानाचं नाव) घ्या आणि त्यावरचाच पत्ता वापरा. याला दुसरा मार्ग नाही.

एसपीएफच्या दोन नोंदी ठेवणं

एसपीएफ ही डोमेनच्या डीएनएसमधली, म्हणजे त्याच्या सार्वजनिक नोंदवहीतली, एक ओळ असते: आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी. होस्टिंगवाल्याने एक ओळ टाकलेली असते. पुढे पावत्यांसाठी वेगळी सेवा घेतली की तिच्या सूचनांप्रमाणे विक्रेता दुसरी ओळ टाकतो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन दिसल्या की तपासणीच बाद होते आणि आधी नीट जाणारे मेलही अडकतात. जुन्या ओळीतच नव्या सेवेचं नाव घाला. या तपासणीत डीएनएसला जास्तीत जास्त १० विचारणा करता येतात, म्हणून सोडून दिलेल्या सेवांची नावं काढून टाका.

‘एसपीएफ पास, डीकेआयएम पास, मग झालं’ असं समजणं

सर्वांत जास्त डोकं खाणारी चूक ही. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची मेलवरची डिजिटल सही. डीमार्क पाहतं की एसपीएफ आणि ही सही ‘फ्रॉम’मधल्या नावाशी जुळतात का, आणि न जुळल्यास काय करायचं ते सांगतं. मग दोन्ही पास आणि डीमार्क फेल, असं कसं? टपालाच्या पत्राला पाकिटावर एक नाव असतं आणि आतल्या कागदावर एक, तसे मेललाही पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एसपीएफ पाकीट तपासतं. ग्राहकाला दिसतो तो आतला ‘फ्रॉम’. अनेक मेल-सेवा पाकिटावर स्वतःचं डोमेन लावतात आणि डीकेआयएमची सहीही स्वतःच्याच नावाने करतात. म्हणजे पास झाली ती सेवा, तुमचं दुकान नव्हे. डीमार्कची अट अशी की दोघांपैकी निदान एक तरी ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळलं पाहिजे. सेवेच्या सेटिंगमध्ये डोमेन पडताळणीचा भाग असतो. तिथे मिळणाऱ्या नोंदी तुमच्या डीएनएसमध्ये टाका, म्हणजे सही तुमच्या नावाने होईल. डीकेआयएमकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. ग्राहकाने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मेल फॉरवर्ड लावलेले असतील तर एसपीएफ तुटतं, मजकुराला धक्का लागला नसेल तर सही मात्र टिकते.

डीमार्क बसवताना घाईघाईने ‘रिजेक्ट’वर (न जुळणारा मेल नाकारा) उडी मारू नका. आधी ‘नन’ (अडवू नका, फक्त कळवा) ठेवा आणि येणारे अहवाल काही आठवडे पाहा. तुमच्या नावाने मेल पाठवणारी एखादी विसरलेली सेवा त्यात हमखास सापडते: बिल करणारी, अभिप्राय मागणारी. तिची सोय लावली की मग धोरण कडक करा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचं केलं आहे. गूगलच्या लेखी मोठा म्हणजे जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल. मे २०२५ पासून आउटलुकनेही तसाच नियम लावला. तुमचं दुकान त्याहून कितीतरी लहान असलं तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी जीमेलला प्रत्येकाकडून लागतं. मी तर म्हणेन, लहान दुकानाने तिन्ही करावंच. त्याच्याकडे वर्षानुवर्षांची पत नसते, कागदपत्रं तरी पक्की हवीत.

संपर्क फॉर्ममध्ये ग्राहकाचा पत्ता ‘फ्रॉम’ला लावणं

ही चूक उलट्या दिशेची, म्हणून लवकर लक्षात येत नाही. ग्राहक दुकानाच्या फॉर्मवर तक्रार लिहितो आणि सॉफ्टवेअर त्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावून मेल तुम्हाला धाडतं. तुमचाच फिल्टर तो अडवतो, तुम्ही उत्तर देत नाही आणि ग्राहक वाट पाहत बसतो. ‘फ्रॉम’मध्ये दुकानाचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला.

पावती आणि जाहिरात एकाच पत्त्यावरून पाठवणं

एकदा खरेदी केली म्हणून दर आठवड्याला सवलतींचे मेल सुरू होतात. ग्राहकाला बंद करायची लिंक सापडत नाही, मग तो ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबतो. आणि त्याचं नुकसान पुढच्या ग्राहकाच्या पावतीला भोगावं लागतं, कारण दोन्ही एकाच नावाने जातात. जीमेल सांगतं की तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ पर्यंत जाऊ देऊ नका. म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी बटण दाबलं की धोक्याची रेषा आली. जाहिरातींसाठी वेगळं सबडोमेन (तुमच्या डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेलं नाव) ठेवा, ज्यांनी मागितले त्यांनाच पाठवा, आणि एका क्लिकवर बंद होण्याची सोय द्या. पावतीच्या मेलमध्ये तळाला ‘हेही घ्या’ची लांबलचक यादी डकवणंही याच जातीचं.

मजकुराबद्दल थोडक्यात. सगळी पावती एका चित्रात देऊ नका, अक्षरांत द्या. लिंक छोट्या करणाऱ्या सेवा टाळा, कारण त्याच सेवा ठग वापरतात आणि त्यांची बदनामी तुमच्या मेलला चिकटते. झिप किंवा एचटीएमएल फाइल जोडू नका. एवढं पुरे.

चुकीच्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पाठवणं

ग्राहक घाईत ‘जीमेल’मधली अक्षरं उलटसुलट टाइप करतो. ऑर्डरच्या पानावरच ‘हा पत्ता बरोबर आहे ना?’ असं विचारा. आणि ठाम नकार आलेल्या पत्त्यावर परत पाठवू नका. मेलेल्या पत्त्यांवर मारा करणारा पाठवणारा फिल्टरला स्पॅमवाल्यासारखाच दिसतो.

सगळं बरोबर असून मेल परत येत असतील तर सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, आहे का ते पाहा. स्वस्त होस्टिंगवर एकच आयपी अनेक दुकानं वापरतात आणि एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना होते. नाव काढून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. अशी यादी ठेवणारी स्पॅमहाउससारखी जुनी आणि सर्वाधिक वापरली जाणारी संस्था त्यासाठी काहीच पैसे घेत नाही. होस्टिंगवाला हलत नसेल तर दुकानाचे मेल एखाद्या चांगल्या मेल-सेवेमार्फत पाठवा.

डीएनएसमधले बदल सगळीकडे पसरायला काही तासांपासून दोनेक दिवस लागू शकतात. तोवर ग्राहकाला अंधारात ठेवू नका. ऑर्डर पूर्ण झाल्यावरच्या पानावर ऑर्डर क्रमांक मोठ्या अक्षरांत दाखवा, मेल कोणत्या पत्त्यावरून येईल ते लिहा, स्पॅममध्ये सापडल्यास ‘नॉट स्पॅम’ करायला सांगा. पार्सलची माहिती ग्राहकाच्या खात्यातही दिसू द्या, आणि फोन नंबर दिलेला असेल तर माल निघाल्याचा एसएमएस त्याच दिवशी पाठवा.