प्री-ट्रिपला नापास व्हायचं नसेल तर या चुका टाळा

अमेरिकेत सीडीएल, म्हणजे अवजड गाडीचं लायसन्स काढायला येणाऱ्या प्रत्येक पोराला एकच भीती असते: ५३ फुटी ट्रेलर मागे घेता येईल का? रात्र रात्र रिव्हर्सचे व्हिडिओ बघतात. आणि गळतात कुठे, तर पहिल्याच पायरीवर, गाडी जागेवर उभी असताना. आधी गाडीची तपासणी (हीच प्री-ट्रिप: एकेक भाग दाखवत परीक्षकाला बोलून सांगायचं), मग मैदानातला रिव्हर्स, शेवटी रस्ता असा क्रम असतो. तपासणीत उडालात की त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायलाही मिळत नाही.

मी ट्रक चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी अशा पोरांची तयारी करून घेतो. त्यामुळे त्याच त्या चुका पाहून आता वैताग आलाय.

सगळ्यात मोठी चूक हवेच्या ब्रेकच्या चाचणीत होते. इथे चुकलात तर बाकीचं कितीही छान बोला, बहुतेक ठिकाणी तिथेच नापास. चाचणी तशी सरळ आहे. चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून अडसर) लावायची, हवा पूर्ण भरू द्यायची (हवेचा दाब १२० ते १४० पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान गेला की कॉम्प्रेसर थांबतो), इंजिन बंद करायचं, मग चावी परत ऑन करायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. पिवळं (ट्रकचं) आणि लाल (ट्रेलरचं) अशी ब्रेकची दोन्ही बटणं आत दाबून ब्रेक सोडायचे. काटा स्थिरावला की पायाने ब्रेक दाबून एक मिनिट धरायचा. ट्रेलर जोडलेला असेल तर त्या मिनिटात ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरता कामा नये, नुसता ट्रक असेल तर ३. मग पेडल मारत मारत हवा कमी करत न्यायची. काटा ६०च्या खाली जाण्याआधी बझर आणि दिवा लागला पाहिजे. तसंच मारत राहिलं की २० ते ४५च्या दरम्यान बटणं टप् करून आपोआप बाहेर येतात.

गेल्या हिवाळ्यात खानदेशातला एक पोरगा आला होता. इंग्रजी सफाईदार, पाठांतर तर कीर्तनकारासारखं. मी जरा थांबवलं की म्हणायचा, "काका, तुम्ही फक्त ऐका, मला सगळं येतं." आणि खरंच यायचं, तोंडाने. परीक्षेला मिळालेला ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, जुना होता. त्याचे हवेचे काटे यांत्रिक, चावी बंद असली तरी हलणारे. याने इंजिन बंद केलं आणि चावी परत ऑन करायची विसरला. गळतीची चाचणी सुरळीत झाली. मग पेडल मारायला लागला. काटा ७०, ६५, ६०. बझरचा आवाज नाही, कारण चावीच बंद. दिवाही नाही. आणि हा पठ्ठ्या ठणकावून म्हणतो, "बझर आणि दिवा ६०च्या आधी लागले." परीक्षक शेजारच्या सीटवर बसून हे ऐकतोय! त्याने शांतपणे विचारलं, "तुला ऐकू आला?" पोराने काट्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, आणि गप्प झाला. काटा ५०वर होता.

परत येताना गाडीत म्हणाला, "काका, चावी विसरलो." मी म्हटलं, चावी कुणीही विसरेल. न वाजलेला बझर तुला ऐकू कसा आला?

तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. हवेच्या चाचणीत प्रत्येक टप्प्याला चावीवर बोट ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं: चावी ऑन, इंजिन बंद. आकडा काट्यावर दिसल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही. पोरं हसतात. हसू देत.

दुसरी चूक याच्याच पोटातली: स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेकची ढिलाई जुळवणारा दांडा. सगळे छान म्हणतात की हाताने ओढल्यावर १ इंचापेक्षा जास्त हलायला नको. पण ब्रेक लावलेले असताना ओढाल तर तो कुठून हलणार? चाकांना उटी, ब्रेक सोडलेले, मग ओढायचा, आणि हे असंच बोलूनही दाखवायचं. मी नव्या पोराला पहिल्याच दिवशी जुने कपडे घालून खाली झोपवतो. ग्रीस लागलं की आठवण राहते.

फिफ्थ व्हीलला, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकून जोडला जातो त्या ट्रकवरच्या जोडणीला, टॉर्चशिवाय जाऊ नका. ट्रेलर त्यावर नीट टेकलाय, मधे फट नाही आणि जबडे किंगपिनच्या (ट्रेलरखालच्या खुंट्याच्या) मानेभोवती बंद आहेत हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. अंधारात वाकून "ओके" म्हणणाऱ्यांचा मला विशेष राग आहे.

टायरला लाथ मारू नका. आमच्या मामांच्या दहाचाकीवरचा क्लीनर पहाटे टॉमी घेऊन ठोके मारत फिरायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकात हवा कमी आहे ते सांगायचा. त्याला मी आजही मानतो. पण इथे हवा गेजनेच मोजायची असते आणि तसं बोलून सांगावं लागतं. नक्षीची खोली पुढच्या टायरना किमान ४/३२ इंच, बाकीच्यांना २/३२. हे आकडे उलटे सांगणारा आठवड्याला एक तरी भेटतोच.

नुसतं "हे चांगलं आहे" म्हणू नका. काय नाहीये ते सांगा: तडा नाही, वाकलेलं नाही, गळती नाही. आणि त्या वस्तूला हात लावा. होजकडे बोट दाखवून अल्टरनेटरचं वर्णन करणारे मी पाहिलेत.

परीक्षा इंग्रजीतच होते, दुभाषा चालत नाही. त्यामुळे भागांची नावं इंग्रजीत पाठ हवीतच. माझं भांडण पाठांतराशी नाही, हात खिशात ठेवून केलेल्या पाठांतराशी आहे.

राहिला शॉर्टकटचा प्रश्न. ७ फेब्रुवारी २०२२पासून नोंदणीकृत संस्थेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय नव्या माणसाला ही परीक्षा देता येत नाही. पण केंद्र सरकारच्या नियमात किमान तास ठरवलेले नाहीत, म्हणून "लवकर उरकून देतो" म्हणणारी दुकानं आहेत. फी भरण्याआधी एवढंच विचारा: तपासणीसाठी ट्रक रोज किती वेळ हाताशी मिळेल? उत्तरात व्हिडिओची लिंक आली तर उठून या.

किरकोळ: धोक्याची सूचना देणारे त्रिकोण तीन असतात, मोजून बघा. अग्निशामकाचा काटा हिरव्यात हवा. सुटे फ्यूज विसरू नका. स्टिअरिंगची ढिलाई २० इंची चाकावर २ इंचांपर्यंतच. आणि परीक्षेच्या सकाळी हातमोजे घरी राहिले तर माझ्याकडे मागू नका, माझे मला लागतात.