शेतीसाठी पिकअप निवडताना आधी मालाचा हिशेब

शेतासाठी पिकअप बघताना इंजिनाच्या ताकदीकडे नंतर वळा. हंगामातली सगळ्यात जड खेप किती किलोची आणि शेतातून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट कशी, हे दोन मुद्दे आधी कागदावर घ्या.

गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की भारक्षमता मिळते. जाहिरातीतल्या आकड्यात चालक कधी धरलेला असतो, कधी नसतो. म्हणून डिझेलची टाकी भरून, जाळी-पिंजरा बसवून गाडी वजनकाट्यावर घाला. समजा भारक्षमता १२०० किलो निघाली. तिघं बसले की साधारण २०० किलो गेले, मालाला उरले १०००. हौदा आतून २.५ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असेल, तर ६० बाय ४० सेंटिमीटरचे १६ क्रेट एका थरात बसतात. भरलेला क्रेट २० किलोचा धरला तर तीन थरांचे ९६० किलो होतात. चौथा थर हौद्यात सहज मावतो, पण गाडीला तो झेपणारा नाही. पाण्याचंही तसंच: १००० लिटर म्हणजे पुरते १००० किलो, टाकीचं वजन वेगळं. त्यातून अर्धी भरलेली टाकी जास्त घातक, कारण वळणावर पाणी एका बाजूला लोटतं आणि गाडी कलते.

जास्त भरलं की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट होतात, पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग तरंगतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. यावर जादा पाटा टाकून घेणं हा उपाय नाही. गाडी वर उचललेली दिसते, पण एक्सल, टायर आणि ब्रेक यांची क्षमता होती तेवढीच राहते. जड माल मागच्या एक्सलच्या थोडा पुढे, केबिनच्या बाजूला ठेवा. ट्रॉली ओढायची असेल तर तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. मागे भार जास्त झाला की ट्रॉली वेगात डोलायला लागते.

हौद्याचे फाळके तिन्ही बाजूंनी पडणारे असावेत आणि तळ कमरेच्या उंचीच्या वर नसावा. दिवसभर पोती चढवणाऱ्यांच्या पाठीचा हा प्रश्न आहे. दोर बांधायचे हूक पातळ पत्र्याला नव्हे, खालच्या चौकटीला जोडलेले आहेत का, हे वाकून बघा. रासायनिक खत वाहिलं की त्याच दिवशी हौदा आणि खालची चासी पाण्याने धुवा. खत ओल धरतं आणि पत्रा सांध्यांपासून खायला सुरुवात करतं.

मागच्या चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असताना चिखलात लवकर फसते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. वाट वर्षभर कोरडी असेल तर चांगल्या नक्षीचे टायर पुरतात. काळी माती, ओढा, चढ असेल तर लो रेंज (वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर) असलेली फोर व्हील ड्राइव्ह घ्या. मात्र साधी पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती पुढची चाकं मागच्यांशी जोडणारी, फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावून वळू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरवर येतो.

इंजिन सावकाश फिरत असतानाही (कमी आरपीएमवर) त्याला ओढ हवी. चाचणी रिकाम्या गाडीची घेऊ नका. माल भरून चढावर थांबवा आणि पुन्हा उचला. पहिल्या गिअरला बराच वेळ अर्धा क्लच धरावा लागत असेल, तर तुमच्या वाटेवर क्लच प्लेट लवकर जळेल. डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असेल आणि रोजच्या फेऱ्या जवळच्याच असतील, तर तो पुरेसा तापत नाही आणि काजळीने तुंबतो. अधूनमधून लांब, सलग फेरी मारावी लागते. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर सर्व्हिसची वाट न पाहता उघडून तपासा.

जुनी गाडी घेत असाल तर हौद्याच्या रंगावर जाऊ नका. टॉर्च घेऊन खाली शिरा आणि पाटे जिथे चासीला टांगलेले असतात तिथे तडे, नवं वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग आहे का ते बघा. बेसुमार ओझं वाहिलेली गाडी सहसा तिथेच सापडते. चासी त्या जागी जोडलेली दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या.