सेव्हन आयर्नने चेंडू उचलणं आधी बंद करा

गोल्फच्या सराव रेंजवर कृत्रिम गवताच्या मॅटवरून सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) झकास जातो आणि चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ कोर्सच्या फेअरवेवर (छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावर) तोच क्लब चेंडूच्या दोन इंच मागे माती उकरतो. अशी तक्रार केली की शेजारचा हमखास सांगतो, "डोकं खाली ठेव." तिकडे दुर्लक्ष करा. रेंजवरही क्लब मागेच पडत होता, मॅटने ते झाकलं इतकंच. मॅटवर क्लब मागे आपटला तरी घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. माती अशी सूट देत नाही.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

१. फेसवरचा ठसा बघा

क्लबफेसवर (चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर) टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, दहा चेंडू मारा, दर वेळी ठसा बघून पुसा. ठसे हीलकडे (दांड्याजवळच्या बाजूला) येत असतील तर तुम्ही डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) चेंडूकडे झुकताय किंवा मुळातच जवळ उभे आहात. टोच्या बाजूला (दांड्यापासून लांबच्या कडेला) येत असतील तर त्याच्या उलट. अगदी खालच्या खोबण्यांवर येत असतील तर शॉट थिन आहे, म्हणजे क्लबची खालची कड चेंडूला लागतेय, आणि तुम्हाला तिसरी पायरी हवी आहे. दहातले सहा-सात ठसे मधोमध येईपर्यंत चेंडू डावीकडे का वळतो, उजवीकडे का वळतो यात डोकं घालू नका.

२. उभं राहणं

सेव्हन आयर्नला चेंडू दोन पायांच्या मध्यापासून एक चेंडूभर डावीकडे, हात डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर, वजन दोन्ही पायांवर सारखं. मुंबईच्या घामाने ग्लोव्ह तासाभरात ओला होतो, मग क्लब निसटेल म्हणून आपण तो आवळतो आणि मनगटं लाकडासारखी होतात. बॅगेत दोन जादा ग्लोव्ह ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

३. क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे न्या

खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

क्लबहेड वर्तुळाकार फिरतो आणि एका ठिकाणी जमिनीच्या सर्वांत जवळ येतो. आयर्नमध्ये ते ठिकाण चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, तीन-चार इंचांवर हवं. म्हणजे क्लब खाली उतरत असतानाच चेंडू लागतो आणि डिव्हॉट (क्लबने उकरलेला खड्डा) चेंडू होता तिथून पुढे सुरू होतो. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा सेव्हन आयर्न साधारण ४ अंशांनी खाली उतरत चेंडूला भेटतो. त्यांचा चेंडू निघतोही तुमच्या-आमच्यापेक्षा खालून, १६-१७ अंशांनी. पण मिनिटाला ७००० च्या आसपास फेऱ्यांचा बॅकस्पिन त्याला वर चढवतो आणि मग तो ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) जवळजवळ ५० अंशांत कोसळतो. उंची लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन), वेग आणि स्पिन यांतून येते. चेंडूखाली क्लब घालून उचलल्याने येत नाही.

उचलायला गेलं की काय होतं ते बघा. शरीर उजव्या पायावर रेंगाळतं, त्यामुळे वर्तुळाचा तळ चेंडूच्या मागे येतो. क्लब चेंडूआधी जमिनीत घुसला तर फॅट शॉट. घुसू नये म्हणून शेवटच्या क्षणी हात वर ओढले तर थिन. एकाच फेरीत दोन्ही शॉट आलटून पालटून येत असतील तर ते दोन दोष नाहीत, एकच आहे. आणि नशिबाने चेंडू नीट लागलाच, तरी मनगट पुढे उलटल्याने लॉफ्ट वाढलेला असतो. सेव्हन आयर्नचा चेंडू नाइन आयर्नसारखा वर जातो आणि वीस-तीस यार्ड अलीकडे पडतो. लोक मग नवा सेट घ्यायला निघतात!

क्रिकेटमधून आलेल्यांना हे सुधारायला जास्त वेळ लागतो. खालच्या हाताने चेंडू उचलायची सवय मैदानात वर्षानुवर्षं मुरलेली असते, आणि गोल्फमध्ये तोच उजवा हात घात करतो.

उपाय वजनाच्या वेळेत आहे. हात वर पोचल्यावर डावीकडे जाऊ असं ठरवलं तर उशीर झालेला असतो. बॅकस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर झाला की क्लब अजून मागे जात असतानाच डाव्या पायावर दाब द्यायला लागा. हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून सराव असा करा. पाय जोडून उभे राहा, चेंडू ठेवू नका. क्लब मागे न्या. तो वर पोचायच्या आत डावा पाय लक्ष्याच्या दिशेने फूटभर टाका, आणि पाय टेकल्यावरच हात खाली येऊ द्या. पाय आधी, हात नंतर. हे अर्ध्या वेगाने इतकं करा की क्रम आठवावा लागणार नाही.

आता चुन्याची रेघ. मैदानात क्रीज आखायला वापरतात ती फक्की चालते. सराव करायला परवानगी आहे अशाच गवतावर लक्ष्याच्या रेषेला काटकोनात दोन फुटांची रेघ ओढा आणि ती स्टान्समध्ये चेंडूच्या जागी येईल असे उभे राहा. चेंडू न ठेवता हात कंबरेपर्यंत मागे आणि कंबरेपर्यंत पुढे, असा अर्धा स्विंग करा. गवत रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडे कापलं गेलं तर बरोबर, उजवीकडे तर चूक. रेघेवर पुढे सरकत दहा स्विंग करा. दहातले सात बरोबर येईपर्यंत चेंडू ठेवायचा नाही. हा नियम मोडला की सगळी मेहनत पाण्यात, कारण चेंडू दिसला की हात पुन्हा उचलायला धावतात.

फक्त मॅटच मिळत असेल तर चेंडूच्या पाच-सहा इंच मागे हातरुमालाची घडी ठेवा. क्लब रुमालाला लागला तर फॅट. आवाजही ऐका: आधी चेंडूचा टक् आणि मग मॅटचा ठप्प, हा क्रम हवा. उलटा क्रम रोज शे-दीडशे चेंडूंवर चालू ठेवलात तर कोपर दुखायला लागेल.

या पायरीवर चार चुकीचे इलाज सुचवले जातात. चारही टाळा.

चेंडू उजव्या पायाकडे सरकवणं. फॅट तात्पुरता थांबतो, पण चेंडू खालून उजवीकडे निघतो आणि क्लबची पुढची धार जमिनीत रुतते. पावसाळ्यात तर फावड्यासारखी.

"खाली मार." मग लोक खांद्याने आणि हातांनी कुदळ घालतात. डिव्हॉट खोल जातो, क्लब बाहेरून आत येतो, चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो. खाली उतरणं हा वजन पुढे गेल्याचा परिणाम आहे, तो वेगळा करायचा नसतो.

डोकं खिळवून ठेवणं. हनुवटी छातीत घातली की छाती फिरायची थांबते आणि मनगट उलटतं. चेंडू लागेपर्यंत डोकं साधारण जागेवर राहतं, पुढे धावत नाही, एवढं पुरे. नंतर छातीबरोबर वळू द्या.

मनगटातला कोन धरून ठेवणं. व्हिडिओ बघून आलेली ही खोड. हात पुढे गेले की फेस उघडतो आणि चेंडू बुटका, उजवीकडे जातो.

फेस उघडण्याची तक्रार योग्य सरावानंतरही काही दिवस येईल, घाबरू नका. हात पुढे झुकल्याने फेस थोडा उघडणारच. डावा हात ग्रिपवर किंचित उजवीकडे फिरवा, वरून बघताना बोटांचे दोन ते तीन सांधे दिसले पाहिजेत. चेंडू लागताना डाव्या मनगटाची पाठ सपाट हवी, वाटीसारखी आत वळलेली नको. अर्ध्या स्विंगच्या शेवटी थांबून बघा: उजवी टाच उचललेली, पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, मनगट सपाट. तिन्ही जमली की पूर्ण स्विंग.

४. दिशा

चेंडू बहुतांशी फेस जिकडे आहे तिकडे निघतो आणि स्विंगच्या मार्गाच्या मानाने फेस जितका उघडा किंवा बंद, तितका वळतो. सुरुवात चुकली तर फेस बघा. सुरुवात बरोबर असून वळण जास्त असेल तर मार्ग बघा, डिव्हॉटची दिशा तो सांगेल.

५. क्लबचा कोन

परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेला किंवा जुना विकत घेतलेला सेट बहुधा उंच माणसासाठी बनलेला असतो. डिव्हॉट हीलच्या बाजूला खोल आणि टोच्या बाजूला उथळ असेल, चेंडू सतत डावीकडे निघत असेल, तर स्विंगला दोष देण्याआधी क्लब फिटरकडून लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) तपासून घ्या. टोच्या बाजूला खोल डिव्हॉट आणि उजवीकडे जाणारा चेंडू म्हणजे उलटा प्रकार. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न दोन-तीन अंश सहज वाकतात. कास्ट (साच्यात ओतलेले) आयर्न मोडायची भीती असते, ते घरी वाकवायच्या भानगडीत पडू नका.

६. वारा, उतार, पाऊस

दुपारनंतर समुद्रावरचा वारा तोंडावर आला की जोर वाढवू नका. जोराने स्पिन वाढतो आणि चेंडू वर चढून जागीच पडतो. एक-दोन क्लब जास्त घ्या (सेव्हनऐवजी सिक्स किंवा फाइव्ह आयर्न), ग्रिप इंचभर खाली धरा आणि तीन-चतुर्थांश स्विंग करा.

खारघर व्हॅलीसारख्या डोंगरालगतच्या कोर्सवर चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. निशाण तसं धरा.

जून ते सप्टेंबर मऊ जमिनीवर फॅट शॉटची शिक्षा दुप्पट. एक क्लब जास्त घ्या, स्विंग छोटा ठेवा आणि चेंडू स्वच्छ लागणं एवढंच बघा, डिव्हॉट पातळ निघाला तरी चालेल. फेअरवेवर चेंडू साचलेल्या पाण्यात असेल किंवा स्वतःच्या आपटण्याने जमिनीत रुतला असेल तर नियमाने दंडाशिवाय सुटका मिळते. चिखलातून मारत बसू नका. फेस आणि चेंडू यांच्यात पाणी आलं की स्पिन घटतो. ग्रीन मऊ असल्याने चेंडू बऱ्याचदा तरीही थांबतो, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक शॉटआधी टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने खोबण्यांतला चिखल काढा आणि फेस कोरडा पुसा. त्यासाठी एक नॅपकिन छत्रीच्या आत, काडीला लटकवून ठेवा, बॅगेबाहेरचा पाच मिनिटांत भिजतो.