दिवेलागणीच्या आधी पळायला कसं जावं

पळायला सुरुवात कशी करायची, असं गल्लीतल्या बायका मला विचारतात. मी उलट विचारते, "तुमच्याकडं माग किती वाजेपर्यंत चालतात?" आम्ही बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत राहतो. इथं दाराआड मागांची खटखट आणि गल्ली संपली की भाताचं शिवार. संध्याकाळचं पळणं ज्यांना टिकवायचं आहे, त्यांनी वाटेवरच्या या खुणा ओळखाव्यात असं माझं ठाम मत आहे. चार वर्षं मी त्यांच्याच भरवशावर पळतेय.

वेळ ठरवा

सूर्य बुडायच्या पाऊण तास आधी घर सोडा. डिसेंबरात आपल्याकडं सहा ते सहा दहाच्या दरम्यान सूर्य बुडतो, जूनअखेर सातच्या थोडं पुढं. बुडाल्यावर रस्त्यातला खड्डा दिसेल इतका उजेड २०-२५ मिनिटंच राहतो. पहिल्या वर्षी हा हिशेब मी केला नव्हता. पाइपासाठी उकरून नुसत्या मातीनं बुजवलेल्या चरीत अंधारात पाय मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसले.

निघण्याआधी

पोटभर जेवला असाल तर दोन-तीन तास जाऊ द्यात. चारच्या चहाबरोबर एखादं केळं पुरे. बूट नाडीचे घ्या, अंगठ्यापुढं बोटभर जागा राहील असे, आणि संध्याकाळीच घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. कुडता फिकट रंगाचा घाला, म्हणजे गाडीवाल्याला लांबून दिसाल. ओढणी घरी ठेवा. लोक काय म्हणतील, ही धास्ती प्रत्येकीला असते. पहिले आठ दिवस लोक नुसते बघतात, पंधराव्या दिवशी "काल दिसला नाहीसा?" म्हणून विचारतात. तरी नव्या बाईनं एखादी जोडीण बघावी, निदान शिवाराकडच्या रस्त्याला.

गल्लीतून चालत जा

पहिली सात-आठ मिनिटं पळायचं नाही, झपझप चालायचं. पोटऱ्या आणि घोटे तोवर गरम होतात. माझ्या वाटेवर एक आज्जी उंबऱ्याशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. एक हात चाकावर, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून सूत सरकतंय, आणि मान वर न करता तिला कळतं कोण चाललंय. गेल्या आठवड्यात जांभळं सूत होतं, काल हिरवं. सूत बदललं म्हणजे आत मागावर नवी साडी चढणार. त्या दारापाशी पोहोचेतो माझा श्वास जागेवर आलेला असतो. तुमच्या गल्लीतलं असं एखादं दार हेरून ठेवा आणि तिथून पळायला लागा.

वेग कसा ओळखायचा

एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. अंगवळणी पडलं की पळणं अर्ध्या मिनिटानं वाढवायचं आणि चालणं कमी करत न्यायचं. घाई केली तर नडगी दुखायला लागते, मग सगळंच थांबतं. दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना २० मिनिटं सलग जमतं.

वेग मोजायला मी घड्याळ बघत नाही. आमच्याकडं कोपऱ्यावरचे विणकर मामा कन्नडमधून हाक देतात, "आरामदिरेन्री?" म्हणजे बऱ्या आहात ना. पुढच्या दारातली मावशी मराठीतनं विचारते, "कुठवर जाणार आज?" दोघांनाही पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं तर वेग बरोबर. नुसतं "हूं" निघालं तर हळू व्हा. हात हलवून पुढं जावं लागलं तर सरळ चालायला लागा. दम न लागता बोलता येणं, हीच सुरुवातीच्या पळण्याची खरी मोजपट्टी.

शिवारात

येळ्ळूर रस्त्याला लागलं की उजव्या कडेनं पळा, समोरून येणारी गाडी दिसायला हवी. समोर राजहंसगड असतो. नजर तिथं ठेवली की मान आपोआप ताठ राहते, खांदे सैल सुटतात. पावलं छोटी टाका.

ऑक्टोबरात भात निसवलं की बासमतीच्या शेतांवरून वास येतो, आणि तो संध्याकाळी वारा पडल्यावर जास्त जाणवतो. तिथं मी दरवर्षी मुद्दाम चालते. मग सुगी सुरू होते, पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्ता भरून येतात. त्यांना वाट द्या, बांधावर उभ्या राहा. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर उगवते, कोवळी, पोपटी. पावसाळ्यात बळ्ळारी नाला भरला की सखल भागात पाणी शिरतं, तेव्हा या बाजूला जायचंच नाही, गल्लीतच दोन फेऱ्या जास्त मारायच्या.

कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्या डोळ्यांत न बघता, पाठ न करता हळूहळू बाजूला व्हा. बहुतेक वेळा ते भुंकून आपल्या जागेवर जातं.

परत फिरताना

बगळ्यांची रांग डोक्यावरून घराकडं निघाली की आपणही फिरायचं. आणि गल्लीत शिरताना कान द्या. एकेक माग थांबत असेल तर दिवस संपला, विणकर जेवायला उठले. सगळे माग एकदम बंद पडले तर करंट गेला समजा, म्हणजे बहुधा पुढचे रस्त्यावरचे दिवेही गेलेले असतात. तिथून चालतच घर गाठा. पाय मुरगळल्यापासून हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

घरी आल्यावर

शेवटची पाच मिनिटं चालून श्वास खाली आणा. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून प्रत्येक पोटरी अर्धा मिनिट ताणा, झटके न देता. पाणी घोट घोट प्या. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत दोन गोष्टी लिहा, किती मिनिटं पळलात आणि वाटेत काय दिसलं. माझ्या कालच्या चौकटीत आहे: "२५ मिनिटं. टिटवी ओरडली. आज्जीकडं हिरवं सूत."