रोटाकॅप ओढताना औषध छातीत जाईल असं कसं ओढायचं

रोटाकॅप म्हणजे दम्यासाठी यंत्रातून श्वासाने ओढायची औषधाची कॅप्सूल, ती उघडून बघितली की जी पांढरी पावडर दिसते ना, ती जवळपास सगळी साखरच असते, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. औषध किती तर फॉर्मोटेरॉलसारखं (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) असेल तर ६ किंवा १२ मायक्रोग्रॅम, आणि पावडर मात्र २५ मिलिग्रॅमपर्यंत भरलेली असू शकते. एवढंसं औषध मशीनला नुसतं मोजून भरताच येणार नाही म्हणून साखर घालतात, पण खरं कारण त्याहून मोठं आहे.

फुफ्फुसात खोलवर जायला औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो आणि एवढे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, कॅप्सूलमधून नीट बाहेरच येत नाहीत. म्हणून ते ५०-१०० मायक्रॉनच्या लॅक्टोजच्या दाण्यांवर चढवतात, खाऱ्या शेंगदाण्यावर मीठ बसतं तसं. आता गंमत अशी की हा दाणा फुफ्फुसात जात नाही, घशातच आदळतो. औषध त्याच्यावरून सुटलं तरच पुढे जाणार, नाहीतर त्याच्यासोबत घशात आणि मग पोटात. आणि सोडवायचं काम करतो तुमचा श्वास, रोटाहेलरमध्ये, म्हणजे कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्रात, ना गॅस ना बॅटरी.

म्हणून ओढताना पहिल्या क्षणापासून जोरात ओढायचं, हळू सुरू करून मग जोर लावला तर तोवर बरीच पावडर तशीच निघून गेलेली असते. पंपवाल्या स्प्रेला उलट हळू आणि लांब ओढायचं असतं, आणि ज्यांच्याकडे दोन्ही असतात त्यांची हमखास इथेच गडबड होते.

क्रम साधा आहे. हात कोरडे करा, कॅप्सूल चौकोनी भोकात पारदर्शक टोक खाली करून दाबा, खालचा भाग फिरवा म्हणजे ती सुटते. मग तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, रोटाहेलरमध्ये अजिबात फुंकायचं नाही, फुंकरीतली वाफ पावडरला लागली की औषध दाण्याला आणखी घट्ट चिकटतं. ओठ घट्ट मिटून एका दमात जोरात, खोल ओढा, १० सेकंद किंवा जमेल तितका वेळ श्वास धरा. आत पावडर उरली असेल तर परत एकदा ओढा.

ओलाव्याचं हेच कारण कॅप्सूल डब्यातच ठेवण्यामागे आहे. कोकणातल्या पावसाळ्यात तर आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवूच नका, एकेक काढा आणि झाकण लगेच लावा. रोटाहेलर धुतला तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर पुढची कॅप्सूल वाया.

जिभेवर गोड लागलं म्हणजे औषध पोचलं असं बरेच जण धरतात, पण ती साखर तोंडात लागली एवढाच त्याचा अर्थ. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकाच, साखरेबरोबर घशात राहिलेलं औषध तिथे बुरशी आणतं.

एका कंपनीची कॅप्सूल दुसऱ्याच्या यंत्रात घालून बघू नका, दाण्याचा आकार आणि यंत्रातली हवा यांचा मेळ घालूनच ते बनवलेलं असतं. दूध पचत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, साखर अगदी थोडी असते, पण दुधातल्या प्रोटीनची जोरदार ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि लहान पोरांना किंवा फार दम लागलेल्या माणसाला एवढं जोरात ओढणंच जमत नाही, तिथे स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप बरा का ते डॉक्टरांनाच विचारा.